ग्रॅनाइटच्या वजनानं कॅबिनेट खचतं म्हणे!

आमच्या इंदूरला लोकमान्य नगरात कुणाच्याही किचनचं काम निघालं की मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य, ग्रॅनाइट टाकायचा तर खाली विटांच्या भिंती नि कडप्पा हवाच, नुसत्या प्लायवर टाकाल तर सगळं खचेल. अहो हिशोब तरी करा. २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे ८ बाय २ चा ओटा ८० किलोच्या आसपास, तीन भरलेल्या सिलिंडरपेक्षा कमीच, आणि तोही सगळ्या कॅबिनेटवर वाटला जातो. १८ मिमी प्लायच्या उभ्या बाजूंना हे काहीच नाही.

खरी भानगड दगडाची आहे, त्याला वाकणं जमत नाही. खाली लेव्हल नसेल, कॅबिनेटचा एक पाय अधांतरी असेल तर तो तडकतो, आणि तडकतो तो बहुतेक सिंकपाशी, कारण कापल्यावर पुढे दोन-तीन इंचाचीच पट्टी उरते. माझ्या मावशीकडे तर विटांच्या ओट्यावरच तडकला!

म्हणून सुताराला सांगायचं की कॅबिनेटला पुढे-मागे आडवी पट्टी दे, सिंकच्या दोन्ही बाजूंना आधार दे, दोन फुटांपेक्षा रुंद कप्प्यात मधे उभी फळी घाल, डिशवॉशरसाठी जागा सोडली तर तिच्या दोन्ही बाजूंना सुद्धा. आणि सिंकखाली पार्टिकल बोर्ड नकोच बाई, पाणी लागलं की बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगतो, मग कॅबिनेट खरंच खचतं नि नाव होतं ग्रॅनाइटचं.