नडगीवरची जखम आणि उष्णतेचा माग

नडगीवरून बोट फिरवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागते. अपघातात ही कातडी सोलवटून गेली आणि हाडावरचे पातळ आवरणही फाटले, तर मांडीची कातडी काढून तिथे चिकटवण्यात अर्थ नसतो. उघडे हाड तिला रक्त पुरवू शकत नाही. मग शेजारचीच कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून जखमेवर आणावी लागते. सर्जन तिला ‘फ्लॅप’ म्हणतात. पण ती रक्तवाहिनी नेमकी कुठे वर येते? तिचा माग आता उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काढता येतो.

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापली होती. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक विटा पाडणाऱ्या समाजातील एका जाणकाराने कपाळाची कातडी खाली वळवून घडवले होते. तोही फ्लॅपच. मात्र चेहऱ्याला रक्त सढळ मिळते, तिथे थोडा अंदाज चुकला तरी निभावते. घोट्याच्या वर तसे नाही. १८५४ मध्ये अमेरिकेतील फ्रँक हॅमिल्टन यांनी एका पायाची कातडी दुसऱ्या पायाला जोडण्याची पद्धत मांडली, ती याच अडचणीतून. ती कातडी रुजेपर्यंत रुग्णाने दोन्ही पाय एकमेकांना जखडून काही आठवडे पडून राहायचे. ही पद्धत शंभरहून अधिक वर्षे टिकली, यावरूनच पर्याय किती तोकडे होते ते दिसते.

वास्तविक त्वचेला रक्त कुठून मिळते याची माहिती हाताशी होती. स्ट्रासबुर्गमधील वैद्यकीचा विद्यार्थी कार्ल मांशो याने १८८९ मध्ये त्वचेच्या धमन्यांवर पुस्तकच काढले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून सहा वर्षे होती. १९३६ मध्ये मार्सेच्या मिशेल साल्मों यांनी क्ष-किरण वापरून तेच काम पुढे नेले. तरी पायावरच्या फ्लॅपसाठी सर्जन लांबी-रुंदीच्या ठोकताळ्यावरच चालत राहिले: फ्लॅप जितका रुंद, साधारण तितकाच लांब. १९८१ मध्ये स्वीडनचे बेंग्ट पाँटेन यांनी कातडीखालचा चिवट पडदा, म्हणजे फॅशिया, सोबत उचलला आणि पोटरीवर रुंदीच्या दुपटीहून लांब फ्लॅप जगवले. १९८७ मध्ये मेलबर्नचे इयन टेलर आणि पामर यांनी मोजून दाखवले की अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड अशा सरासरी ३७४ वाहिन्या शरीरभर खालून त्वचेपर्यंत येतात. यांना ‘पर्फोरेटर’ म्हणतात. दोनच वर्षांनी जपानचे इसाओ कोशिमा यांनी अशा एखाद्या वाहिनीवर अख्खा फ्लॅप जगू शकतो हे दाखवले. पुढे पायावर प्रोपेलर फ्लॅप आला: पर्फोरेटर हा आस, आणि कातडीचे पाते त्याभोवती १८० अंशांपर्यंत फिरवायचे. आस चुकला तर पाते काळे पडणार.

उष्णतेची बाजू वेगळ्याच वाटेने आली. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी वर्णपटाच्या लाल टोकापलीकडे थर्मामीटर ठेवून अवरक्त किरण शोधले; उबदार त्वचेतूनही हेच किरण बाहेर पडतात. १९५६ मध्ये माँट्रियलचे रे लॉसन यांनी स्तनातील कर्करोगावरची त्वचा अधिक उबदार असते हे नोंदवले. त्यावरून मोठ्या आशा बांधल्या गेल्या, पण मॅमोग्राफीपुढे (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीपुढे) थर्मोग्राफी, म्हणजे उष्णतेचे चित्र घेण्याची पद्धत, टिकली नाही आणि तिचे नाव काहीसे बदनामच झाले. १९८६ मध्ये थेउवेनेट आणि सहकाऱ्यांनी पर्फोरेटर शोधायला ती वापरण्याची कल्पना मांडली, तेव्हा कॅमेरे अवजड नि महाग होते.

पुढचे मोठे काम नॉर्वेतील ट्रोम्सोचे. लुई डी वीर्ड आणि जेम्स मर्सर यांनी पोटाच्या कातडीने स्तन घडवण्याच्या शस्त्रक्रियांत ही पद्धत बसवली. माझ्या मते खरी युक्ती कॅमेऱ्यापेक्षा गारव्यात आहे. स्थिर तापमानाच्या खोलीत त्वचा थोडा वेळ उघडी ठेवायची, मग साध्या टेबलफॅनचा वारा दोन-एक मिनिटे मारायचा. पंखा बंद केला की आतून गरम रक्त आणणारा पर्फोरेटर जिथे असतो तिथे पडद्यावर आधी ठिपका उजळतो. जो ठिपका लवकर आणि ठळक उमटतो, तिथला पुरवठा बहुधा दमदार. नुसत्या न गारवलेल्या चित्रात हा फरक पुसट राहतो.

२०१४ मध्ये फोनला जोडायचा फ्लिर वन कॅमेरा आला आणि खर्चाची अडचण बरीच सरली. २०१६ पर्यंत फोनच्या कॅमेऱ्याने पर्फोरेटर शोधल्याचे निबंध छापून येऊ लागले. अमेरिकेतील जेफ्री हॅलॉक यांनी प्रोपेलर फ्लॅपसाठी त्याचा पाठपुरावा केला. हातातला डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र, एकेक जागा ऐकत फिरतो, आणि पायात तो कधी कधी खालच्या मोठ्या धमनीचाच आवाज पर्फोरेटरचा म्हणून ऐकवतो. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन, वाहिनीचा मार्ग दाखवते, पण त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागते. थर्मल कॅमेरा काही मिनिटांत अख्ख्या पोटरीचा नकाशा देतो. वाहिनी आत कशी वळते हे मात्र सांगत नाही. जखमेभोवती सूज असेल तर तो सारा भागच तापलेला दिसतो.

म्हणून ठिपक्यावर पेनने खूण केली, डॉपलरने ती पडताळली, तरी सर्जन फ्लॅप चारही बाजूंनी एकदम कापत नाहीत. आधी एकाच कडेने चीर देऊन कातडी उचलतात आणि पर्फोरेटर डोळ्यांनी पाहतात. तो अपेक्षेपेक्षा बारीक निघाला किंवा दोन बोटे वर सापडला, तर उरलेली रेघ पुसून नव्याने आखली जाते.