आमचा फोन आला की औत सोडा
विजेच्या इशाऱ्याच्या ग्राहकांसाठी माहिती

रोहिण्या लागल्या की वखरणीची घाई आणि दुपारचं गडगडणारं आभाळ बरोबरच येतं. म्हणून हंगामाआधीच हे पत्रक तुमच्या हाती देत आहोत. वीज नेमकी कोणत्या शेतात पडणार हे आम्हाला सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. तुमच्याकडे सरकणारा ढग वीज पाडण्याइतका पिकलाय की नाही, एवढं मात्र रडारवरून ओळखता येतं.

ढग पिकतो तो वरच्या थरात. साधारण ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला येतं आणि साडेसहा-सात किलोमीटरवर उणे १० अंशांपर्यंत उतरतं. तिथे बर्फाचे बारीक स्फटिक, मऊ गारकण आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब एकत्र घुसळले जातात. स्फटिक गारकणांवर आपटून उसळतात. त्यात हलके स्फटिक धन विद्युतभार घेऊन वर जातात आणि जड गारकण ऋण भार घेऊन खाली राहतात. हा भार साचत गेला की वीज कडाडते.

रडारला भार दिसत नाही, गारकण दिसतात. हवामान विभागाच्या नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र आम्ही दुपारभर पाहत असतो. त्या चित्राच्या वरच्या आणि उजव्या कडेला एकेक पट्टी असते. मधल्या नकाशात ढग कुठे आहे ते कळतं, या पट्ट्यांत तो किती उंच गेलाय ते दिसतं. आमची नजर जास्त करून पट्ट्यांवरच असते.

समजा, ३ वाजून १० मिनिटांच्या चित्रात काटोलच्या पश्चिमेला एक फिकट ठिपका आहे आणि उंची ५ किलोमीटरच्या आत. ३.२० च्या चित्रात त्याच ठिपक्याचा ४० डीबीझेडचा रंग (परत येणाऱ्या लहरींच्या जोराचं हे माप) पट्टीत ७ किलोमीटरवर चढला. आम्ही लगेच फोन लावतो. खाली अजून एक थेंबही पडलेला नसतो, कदाचित तुमच्या डोक्यावर ऊनही असेल. पण उणे १० अंशांच्या उंचीवर ४० डीबीझेड दिसल्यापासून पहिली वीज बहुतेकदा १० ते २० मिनिटांत होते. त्यातली काही मिनिटं चित्र आमच्यापर्यंत येण्यातच जातात. तेव्हा तुमच्या हातात ५ मिनिटंच आहेत असं धरून चाला. तेवढ्या वेळात पायी गाठता येईल असं पक्कं घर किंवा बंद गाडी आजच हेरून ठेवा. निंबाचं झाड आणि चारी बाजूंनी उघडं टिनाचं शेड हा निवारा नव्हे.

काही वेळा फोन येईल आणि वीज होणारच नाही. ढग वर चढूनही विरून जातो. आम्ही मुद्दाम इशाऱ्याचा उंबरठा खाली ठेवला आहे, कारण वाया गेलेला अर्धा तास भरून काढता येतो. तुमचा वखर दहा वेळा उगाच थांबला तरी आम्हाला चालेल, अकराव्यांदाही थांबवा, ही कळकळीची विनंती.

रडारच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अगदी नागपूरलगतच्या गावांवर ढग असला तर त्याचा माथा रडारच्या नजरेत येत नाही. शंभर किलोमीटरपलीकडे रडारच्या लहरींचा झोत दीड-दोन किलोमीटर रुंद होतो, त्यामुळे यवतमाळकडच्या ढगाची उंची ढोबळच कळते. म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत अ‍ॅपही फोनमध्ये ठेवा. ते झालेल्या विजा टिपतं, आमचा फोन पहिल्या विजेच्या आधीचा असतो. दोन्ही लागतात.

गडगडाट कानावर आला, पण आमचा फोन आला नाही, तर वाट पाहू नका, आत जा. आणि बाहेर पडायचं ते शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी, पाऊस उघडला तरीही.

नोंदणीत अनेकांनी राहत्या गावाचं नाव दिलं आहे. शेत ८ किलोमीटरवर असेल तर त्या इशाऱ्याचा उपयोग कमी. शेताचा गट नंबर आणि शिवाराचं नाव कळवा. गुरं राखायला जाणाऱ्या माणसाचा नंबरही द्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत.