दुसरीतल्या मुलाची विहीर चुकलेली नसते

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका बाईंनी मुलाच्या चित्रकलेच्या वहीचा फोटो पाठवला. मुलगा परभणीजवळच्या एका गावात दुसरीत आहे. त्यानं मळ्यातली विहीर काढली होती. वरून पाहिल्यासारखा गोल कठडा, त्याच्याखाली उभी कापून दाखवलेली विहीर, आत निळं पाणी, पाण्यात फूटव्हॉल्व्ह, तिथून वर आलेला पाइप, काठावर मोटार आणि स्टार्टरची पेटी. शेजारी लाल शाईत शेरा होता: ‘पाणी असे दिसत नाही. नीट बघून काढ.’ आईनं विचारलं, शिकवणी लावू का?

मी म्हटलं, शिकवणी नको आणि खोडरबरही नको. सात वर्षांच्या मुलाचा मेंदू जे करायला हवं तेच करतोय. जॉर्ज-आन्री ल्यूके या फ्रेंच अभ्यासकानं १९२७ साली हे नेमकं मांडलं. लहान मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. म्हणून पोळ्याच्या बैलाचं अंग बाजूनं आणि शिंगं समोरून येतात, एसटीच्या पत्र्याआड बसलेले प्रवासी पायांसकट दिसतात.

१९७२ साली फ्रीमन आणि जॅनिकून या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे एक कप ठेवला. कपाचा कान मागच्या बाजूला, मुलांना न दिसेल असा. पुढच्या बाजूला मात्र एक फूल ठळक दिसत होतं. समोर दिसतंय तेच काढा, असं सांगूनही लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. साधारण आठव्या वर्षानंतरच्या मुलांनी उलट केलं. लहानांच्या दृष्टीनं कान असला तरच तो कप. फूल काय, कुठल्याही वस्तूवर असू शकतं.

असं का होतं? इथं थोडं सावकाश वाचा, कारण मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत आवडतो. वस्तूचं अंतर दुप्पट झालं की डोळ्यातल्या पडद्यावरची तिची प्रतिमा निम्म्या उंचीची होते. तरी रस्त्यानं लांब जाणारा माणूस आपल्याला बुटका होताना दिसत नाही. मेंदू अंतराचा हिशेब धरून मूळ आकार परत देतो आणि पडद्यावरचा कच्चा आकार आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. याला आकारस्थैर्य म्हणतात.

घरीच ताडून पाहा. आरशासमोर उभं राहून एक डोळा मिटा आणि ओल्या साबणानं आरशावर आपल्या चेहऱ्याची कड गिरवा. मग बाजूला होऊन पट्टीनं मोजा. टाळूपासून हनुवटीपर्यंत चेहरा २२ सेंमी असेल, तर आरशावरची आकृती ११ सेंमी भरेल. आरशापासून मागे सरकून पुन्हा काढलीत तरी ११च. कारण आपली प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते, म्हणजे आरसा डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर येतो. समरूप त्रिकोण मांडले की गुणोत्तर एकास दोन निघतं आणि अंतर समीकरणातून उडून जातं. आयुष्यभर रोज आरसा पाहूनही ही निम्मी आकृती आपल्या लक्षात येत नाही.

मोठ्यांचीही सुटका नाही. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दाखवलं, की तिरपी ठेवलेली गोल चकती लोकांना डोळ्यातल्या प्रतिमेपेक्षा जास्त गोल वाटते. तांब्याचं तोंड काढताना नवखा माणूस ते हमखास जास्त गोल काढतो, त्याचं मूळ इथं आहे. ‘नीट बघ’ हा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. बघण्यातच ज्ञान मिसळलेलं असतं, ते वेगळं काढायला सराव लागतो.

मग मुलाला दिसत नाही असं समजायचं का? तसंही नाही. १९८३ मध्ये अ‍ॅलिसन डेव्हिस या अभ्यासिकेनं लहान मुलांपुढे दोन कप शेजारी शेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा, दुसऱ्याचा लपलेला. आता बऱ्याच मुलांनी दुसऱ्याचा कान गाळला. एकटा कप असताना ‘हा कप आहे’ हे सांगायचं होतं, दोन असताना त्यांतला फरक सांगायचा होता. काय सांगायचं ते मूल ठरवतं आणि त्याप्रमाणे रेघ ओढतं.

अजिंठ्याच्या चित्रकारांनाही एकाच जागेवरून बघण्याची सक्ती नव्हती. पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकाच्या (बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या) चित्रांत तोच राजा पुन्हा पुन्हा येतो, कारण गोष्ट पुढे सरकत असते. ती हात मुरलेल्या कलावंतांची निवड होती, मुलाचं चित्र म्हणजे अजिंठा असं मी म्हणत नाही. पण एका डोळ्यानं, एका जागेवरून पाहिलेलं तेवढंच खरं, हा नियम चित्रकलेनं फार उशिरा, पंधराव्या शतकातल्या इटलीत पक्का केला.

सुट्ट्या लागल्या की ‘उजवा मेंदू जागवा, मूल कलाकार बनवा’ अशा शिबिरांची पत्रकं गावोगाव वाटली जातात. चित्रकला म्हणजे उजव्या मेंदूचं काम, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात चित्र काढताना मेंदूचे दोन्ही अर्धगोल कामाला लागतात. अशा शिबिरांतला, डोळ्यांवर पट्टी बांधून स्पर्शानं रंग ओळखण्याचा दावा तर सरळ फसवणूक आहे, मूल नाकाशेजारच्या फटीतून बघतं. पालकांनी पैसे आणि मुलाचा प्रामाणिकपणा दोन्ही वाचवावेत.

खरी अडचण फळ्यावर असते. दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठाला नारळाचं झाड. बीडच्या, धाराशिवच्या मुलांनी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या उतरवलंय. खिडकीबाहेर बालाघाटाचे सपाट माथ्याचे डोंगर आहेत, लाव्हाचे थर आडवे साचल्यामुळे ते तसे झाले. झाडं लिंबाची आणि बाभळीची. उतरवलेल्या चित्रात बघणंही नाही आणि माहीत असलेलं सांगणंही नाही. याचा दोष एकट्या गुरुजींवर टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं अर्धवेळ कलाशिक्षक ठरवला तो सहावी ते आठवीसाठी, तोही १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवी वर्गशिक्षकच सगळं सांभाळतात.

त्यांना करता येईल असं एक सांगतो. तिसरी-चौथीच्या मुलांना गोल बसवा, मधे एक कप ठेवा, प्रत्येकाला आपल्या जागेवरून काढू द्या. मग चित्रं गोळा करून मिसळा आणि कोणतं चित्र कुठल्या जागेवरून काढलंय ते मुलांनाच ओळखायला सांगा. कान डावीकडे आहे, उजवीकडे आहे की दिसतच नाही, यावर वाद होतील, मुलं उठून एकमेकांच्या जागी जाऊन बघतील. पहिली-दुसरीत हाच खेळ घेतला तर बहुतेक कपांना कान येईल. तो खोडू नका, ‘तुला इथून काय काय दिसतंय?’ एवढंच विचारा आणि पुढच्या मुलाकडे वळा.