युरिया मारा, पण आभाळ बघून

ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत लॉनच्या खताचं वेळापत्रक पगारासारखं असतं: महिना भरला की युरिया. अगदी भर जुलैतही. त्यातला गवताच्या वाट्याला किती येतो?

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. मातीत त्याचं आधी अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार, अमोनियमवर धन. त्यामुळे ते धरून राहतं. नायट्रेटचा भारही ऋणच, म्हणून माती त्याला थारा देत नाही. पाणी जाईल तिकडे तेही जातं: मुळांच्या खाली, नाल्यात, शेवटी खाडीत. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पोडियमवरच्या लॉनला तर स्लॅबवरच्या थोड्याशा मातीचाच आधार. २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्यामुळे नायट्रेट सावकाश होतं खरं, पण जुलैच्या संततधारेपुढे त्याचंही फारसं चालत नाही.

पावसाळ्यात लॉन पिवळं पडलं की हात युरियाच्या पिशवीकडे जातो. त्याआधी पान बघावं. नायट्रोजन कमी पडला की गवत तो जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोहाची अशी हलवाहलव होत नाही. ते कमी असेल तर कोवळी पातीच फिकट निघते. आणि पाणी तुंबलं असेल तर मुळांना हवाच मिळत नाही. तिथे खत नको, चर खणा.

इंटरनेटवरची बरीचशी वेळापत्रकं थंड देशांतल्या गवतांची असतात. आपली हरळी (गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच) उन्हाळी गवत आहे. २७ ते ३५ अंशांत जोमाने वाढते. माझ्या मते घरच्या लॉनला वर्षातून तीनदा खत पुरे: पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, थंडी सरताना फेब्रुवारीअखेर, आणि पाण्याची सोय असेल तरच मेच्या सुरुवातीला. कोरियन गवत सावकाश वाढतं, त्याला दोनदाही चालेल. टॉवरच्या सावलीतल्या पट्ट्याला त्याहून कमी. उजेडच नसेल तर गवत खताचं करणार काय?

एका वेळी १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया, पात कोरडी असताना सारखा फेकून लगेच पाणी. पाणी दिलं नाही तर नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, आणि पात्यावर राहिलेले दाणे त्यातलं पाणी शोषून चट्टे पाडतात. पावसाळा संपता संपता गांडूळखताचा पातळ थर दिला तर माती अमोनियमही जास्त धरते.

कापलेलं गवत पोत्यात भरून बाहेर काढायची घाई करू नये. बारीक कापलेलं असेल तर तिथेच कुजून नायट्रोजनच्या गरजेचा सुमारे चौथा हिस्सा भागवतं. पावसात मात्र त्याचे ओले गठ्ठे होतात आणि खालचं गवत गुदमरतं. तेवढे उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावेत.