आधी वही, मग यंत्र : वर्गातल्या एआयबद्दल शिक्षकांना पडलेले प्रश्न

केंद्रशाळेत शिक्षण परिषद भरते आणि एआयचा विषय निघतो, तेव्हा दोन सूर ऐकू येतात. प्रशिक्षण द्यायला आलेले साहेब सांगतात, हे तंत्रज्ञान शिकून घ्या, नाहीतर मागे पडाल. बाकांवर बसलेले शिक्षक आपसात कुजबुजतात, मुलं आता वहीत स्वतःचं एक वाक्य लिहीत नाहीत, त्याचं काय करायचं? मला हा दुसरा सूर जास्त महत्त्वाचा वाटतो. रायगड असो, रत्नागिरी असो की सिंधुदुर्ग, रोज वह्यांचा गठ्ठा तपासणाऱ्या माणसाची काळजी ‘बदलाला घाबरतात’ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. मूल शिकतं कसं, याचं अनुभवातून आलेलं ज्ञान तिच्यामागे आहे, आणि अलीकडच्या संशोधनानं त्याला बराच दुजोरा दिला आहे.

एका बाईंनी मला आठवीतल्या मुलाचा ‘माझा गाव’ हा निबंध दाखवला. अक्षर मुलाचंच होतं, शुद्धलेखन निर्दोष. पहिल्याच परिच्छेदात सोनेरी वाळू आणि तिच्यावर मंजुळ गाणी गात येणाऱ्या निळ्याशार लाटा. मुलाचं गाव खाडीच्या आतल्या अंगाला आहे. तिथे वाळू नाही, चिखल आहे, कांदळवन आहे, आणि ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन तिसऱ्या-मुळे ही शिंपली काढायला उतरतात. निबंधात यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं.

ही सोनेरी वाळू आली कुठून? चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांसारख्या साधनांच्या पोटात भाषेचं एक गणिती प्रारूप असतं. प्रचंड प्रमाणात लिखित मजकूर त्याच्यासमोर ठेवून त्याच्याकडून एकच सराव करून घेतलेला असतो : इथपर्यंतचं वाक्य पाहून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती, ते सांग. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली. तिच्यामुळे हा अंदाज बांधताना दूरच्या शब्दांचे संबंधही धरून ठेवता येऊ लागले, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते याच पायावर. ‘जून लागला की होड्या...’ एवढंच वाक्य दिलं तर मालवणचं पोर ‘वर ओढतात’ म्हणेल, कारण मासेमारीबंदीचे दिवस त्यानं घरात पाहिलेत. यंत्रही कदाचित ‘वर ओढतात’च म्हणेल, पण तसं लिहिलेलं कुठेतरी त्याच्या सरावात येऊन गेलं असेल म्हणून. समुद्राकाठच्या गावाबद्दल जगभरात जे सर्वांत जास्त लिहिलं गेलंय, त्यात वाळू सोनेरी आहे. खाडीतल्या चिखलाबद्दल फार थोड्यांनी लिहिलंय.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. यंत्रापुढचा मजकूर आधी लहान लहान तुकड्यांत तोडला जातो. संगणकात रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणीचं एक माप, पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन लागतात. नुसत्या ‘शाळा’ या शब्दाचे बारा बाइट होतात. त्यात मराठीतला मजकूर इंग्रजीच्या मानानं कमी, म्हणून आपल्या शब्दांचे तुकडेही बहुधा जास्त पडतात आणि अंदाजाला आधार कमी मिळतो. मालवणीत तर लिहिलेलंच थोडं. तिथे यंत्र प्रमाण मराठी आणि गोव्याची कोकणी यांची सरमिसळ बरेचदा पुढे करतं, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासानं.

या आत्मविश्वासाचीच शिक्षकांना सर्वांत जास्त धास्ती आहे, आणि तिच्यासाठी कोकणाइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडायचं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ पर्यटकांना दाखवले जातात. बातम्यांत, पर्यटनाच्या माहितीत, फिरत्या संदेशांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पण खगोलशास्त्राच्या नोंदी वेगळं सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी तिथून पाहिला. लॉकयर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकानं त्याच ज्वाळा पाहिल्या. त्या वर्णपटात सोडियमच्या रेषांजवळ, पण त्यांच्या जागेवर न बसणारी एक पिवळी रेषा होती. ती एका नव्या मूलद्रव्याची आहे हा विचार त्यातून पुढे आला आणि ‘हेलियम’ हे नाव पडलं. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी मिळवला तो १८९५ मध्ये. लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी.

आता यंत्राला विचारा, ‘विजयदुर्गावर हेलियमचा शोध कसा लागला?’ प्रश्नातच उत्तर गृहीत धरलंय, आणि विचारणाऱ्याच्या कलानं जाण्याची या प्रारूपांची सवय सर्वांना ठाऊक आहे. त्यातून मराठीतले बरेच लेख तीच गोष्ट सांगतात. तेव्हा सुरेख, ओघवतं आणि चुकीचं उत्तर येण्याची शक्यता बरीच. मग विचारा, ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर कुठे होते?’ आता उत्तर बदलू शकतं. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि नववीच्या वर्गाला म्हणावं, दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, कशावरून ठरवाल? तारखा कुठे मिळतील? कुणाची नोंद त्या काळातली आहे, आणि कुणी नंतर ऐकून लिहिलंय? विज्ञानाची रीत शिकवायला याहून चांगला तास मला सुचत नाही. विजयदुर्गाचं मोलही यात उणं होत नाही. १८९८ ची मोहीम हा त्या किल्ल्याचा अस्सल वैज्ञानिक इतिहास आहे, आणि तो मुलांना अभिमानानं सांगावा असाच आहे.

शिक्षकांचा पुढचा प्रश्न असतो, नक्कल पकडायची कशी? ‘एआयनं लिहिलेलं ओळखून देतो’ म्हणणारी साधनं बाजारात आहेत. त्यांच्यावर विसंबून कुणा मुलाला दोषी ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकुरावर बरोबर बोट ठेवलं, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवला. जुलैमध्ये कंपनीनं ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सात साधनांपुढे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ परीक्षा-निबंध ठेवले. ते माणसांनीच लिहिलेले होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. कारण साधं आहे. यातली बरीच साधनं मजकुरातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात. शब्द सरधोपट असले की संशय घेतात. परकी भाषा शिकणारं मूल हाताशी असलेल्या मोजक्या शब्दांतच लिहिणार. देवगडची किंवा दापोलीची एखादी मुलगी कष्टानं, आपल्या बेताच्या इंग्रजीत अर्ज लिहील आणि यंत्र तिच्यावर चोरीचा शिक्का मारेल. सोनेरी वाळूचा निबंध त्या बाईंनी कुठल्याही साधनाशिवाय ओळखला होता. त्यांना तो मुलगा ठाऊक होता आणि त्याचं गावही.

आणि पकडलं, तरी मूळ नुकसान भरून निघत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या जवळपास हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग केला. तो २०२४ मध्ये मांडला गेला. एका गटाला सरावाच्या वेळी साधं एआय दिलं, दुसऱ्याला शिक्षकांच्या मदतीनं घडवलेलं एआय दिलं, तिसरा गट वही-पुस्तकावर. दुसऱ्या गटाच्या यंत्रात प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर, मुलांच्या नेहमीच्या चुका आणि त्यावर द्यायच्या सूचना आधीच घातल्या होत्या, आणि थेट उत्तर द्यायचं नाही अशी ताकीद होती. सरावात पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसरा १२७ टक्क्यांनी सरस ठरला. मग सगळ्यांकडून यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साधं एआय वापरलेली मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्याही १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाचं असं नुकसान जवळपास झालं नाही, पण परीक्षेत तो वही-पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेला नाही. मला सर्वांत खटकलं ते हे की, पहिल्या गटातल्या मुलांना आपण कमी शिकलोय याचा पत्ताच नव्हता.

यात नवल नाही. डोक्यातून आठवून काढण्याच्या धडपडीनं स्मरण पक्कं होतं, हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवडाभरानं चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. यंत्र आधी आलं की नेमकी हीच धडपड वगळली जाते. म्हणून मी शिक्षकांना एकच क्रम सुचवतो : पहिला प्रयत्न मुलाचा, वर्गात, पेनानं, मोडकातोडका चालेल. यंत्र त्यानंतर.

भरती-ओहोटीचा धडाच घ्या. ‘भरती-ओहोटीची माहिती लिहा’ हा प्रकल्प आता मेला, त्याचं दुःख करू नये. त्याऐवजी मुलांना घरी विचारायला लावावं, की भरतीची वेळ कशी काढता? समुद्रावर जाणाऱ्या घरांत तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब माहीत असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. चौथीला तीनच्या सुमारास. मग आठवडाभर जेटीवर किंवा साकवाच्या खांबावर खूण करून पाणी सर्वांत वर कधी आलं ते वहीत टिपायचं. हिशेब आणि खूण तंतोतंत जुळणार नाहीत, कारण गावागावाची वेळ थोडी पुढेमागे असते, आणि खाडीत आत शिरायला पाण्याला वेळ लागतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा का येते? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. पाऊणपटीतली पाऊण म्हणजे ४५ मिनिटं, म्हणजे आजोबांचा हिशेब किती जवळचा आहे ते मुलांनीच पडताळावं. एवढं झालं की यंत्र उघडावं. ‘आमच्या नोंदी अशा आल्यात, फरक का पडला असेल?’ असं विचारावं. आता मुलांच्या हातात स्वतःचे आकडे आहेत. यंत्र काही भलतं बोललं, तर ते त्यांच्या लक्षात येईल.

यासाठी प्रत्येकाकडे फोन लागत नाही, रेंजसाठी सड्यावर चढायलाही नको. बाईंच्या टेबलावर एक फोन आणि भोवती सगळा वर्ग, एवढं पुरतं. उलट फोन एकच असला की प्रश्न काय विचारायचा यावर मुलं भांडतात, आणि शिकणं त्या भांडणातच होतं.

यंत्र शिक्षकांची जागा घेईल का, यावर मी फार लिहीत नाही. आठवीतल्या त्या मुलाचं गाव खाडीकाठी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचा निबंध तपासता येत नाही. पण शिक्षकांच्या कामाला यंत्र जरूर जुंपावं. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळांत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. एकच पाठ तिसरीसाठी सोप्या वाक्यांत आणि पाचवीसाठी प्रश्नांसह मांडून हवा असेल, तर यंत्र कच्चा मसुदा क्षणात देतं. तो वाचून, चुका काढून, गावातली नावं घालून मगच मुलांपुढे ठेवावा.

राहिली मुलांच्या माहितीची काळजी. ती परिषदेत सर्वांत कमी बोलली जाते. युनेस्कोनं सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय, आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. तेव्हा प्राथमिकच्या मुलांची खाती उघडून देऊ नयेत, वापर शिक्षकांच्या खात्यावरूनच व्हावा. प्रगतिपुस्तकाचे शेरे लिहून घेण्यासाठी गुणतक्त्याचा फोटो यंत्राला देण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या फोटोत नावं असतात, जन्मतारखा असतात, कधी आधार क्रमांकही असतो. शेरा हवाच असेल तर ‘गणितात भागाकार चुकतो, तोंडी उत्तरं चांगली देते’ एवढंच लिहून विचारावं, आणि मुलीचं नाव नंतर हातानं घालावं.