अमेरिकेतली रोड ट्रिप स्वस्त कुणी केली?

१९०३ साली व्हरमाँटच्या डॉ. होरेशियो नेल्सन जॅक्सननं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका क्लबात ५० डॉलरची पैज लावली, मोटारीनं न्यू यॉर्क गाठून दाखवतो म्हणून. सोबतीला स्यूअल क्रॉकर हा मेकॅनिक. वाटेत बड नावाचा एक बुलडॉगही त्यांनी घेतला आणि रस्त्यावरच्या धुळीनं त्याचे डोळे लाल व्हायला लागले तसा त्यालाही गॉगल चढवला. ६३ दिवसांनी स्वारी पोहोचली. गाडीसकट सगळा खर्च सुमारे ८,००० डॉलर झाला. पैजेचे ५० डॉलर डॉक्टरांनी कधी वसूलसुद्धा केले नाहीत.

अमेरिका आडवी पार करणं हा असा खिसा खोल असलेल्यांचा षौक होता. आज तोच देश चार जणांचं कुटुंब भाड्याच्या गाडीतून, कूलरमध्ये दूध-दही-फळं भरून, रोज संध्याकाळी वेगळ्या मोटेलात उतरत पाहून येतं आणि कर्जही काढावं लागत नाही. हा फरक आपोआप पडलेला नाही. काही भार सरकारी तिजोरीनं उचलला, काही आवळा देऊन कोहळा काढणाऱ्या दुकानदारांनी, तर काही अशा लोकांनी ज्यांच्या श्रमाचा हिशेब बिलात कधी लागलाच नाही. ट्रिप आखायला बसण्यापूर्वी हे ठाऊक असावं, कारण जी सोय मुळात स्वस्त म्हणूनच उभारली गेली ती बहुतेक वेळा आजही स्वस्तच मिळते. उरलेल्या ठिकाणी कितीही कूपनं शोधा, फार काही हाती लागत नाही.

गाडीचा प्रश्न फोर्डनं सोडवला. मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ८५० डॉलरच्या आसपास होती, ती १९२५ पर्यंत २६० वर आली. शेतकऱ्याच्या दारात गाडी उभी राहिली, पण ती न्यायची कुठं? न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा लिंकन हायवे १९१३ मध्ये जाहीर झाला होता, पण पश्चिमेकडे त्याचा मोठा भाग म्हणजे नुसती चाकोरी होती. १९१९ मध्ये सैन्याच्या ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून निघाला, त्याला पलीकडचा किनारा गाठायला ६२ दिवस लागले. जॅक्सननंतर १६ वर्षांनी जेमतेम एका दिवसाची सुधारणा! त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि तो चिखल त्याच्या लक्षात राहिला होता.

रस्त्यांना पैसा हवा म्हणून ऑरेगन राज्यानं त्याच १९१९ साली पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला. दहा वर्षांत सगळ्या राज्यांनी तो उचलला, पण प्रत्येकानं दर आपापला ठेवला. तिथले आपले लोक ‘गॅस (म्हणजे पेट्रोल) कुठं भरायचा’ यावर जो खल करतात त्याचं मूळ इथं आहे. राज्याची हद्द ओलांडली की भाव बदलतो. ॲरिझोनातून कॅलिफोर्नियात शिरण्यापूर्वी टाकी भरून घेणं ही कंजुषी नाही, साधी समज आहे. केंद्राचा कर मात्र १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे. तो वाढवायची हिंमत त्यानंतर कुणी केलेली नाही.

मुक्कामाची कथा जास्त मजेदार आहे. १९२०च्या सुमारास लोक गाडीलाच तंबू बांधून निघायचे आणि दिसेल त्या शेतात उतरायचे. शेतकरी वैतागले. मग गावांनीच आपल्या हद्दीत फुकट तळ उघडले. पाणी, संडास, चूल, कुठं कुठं दिवेसुद्धा. डेन्व्हरचा ओव्हरलँड पार्कातला तळ त्या काळी भलताच नावाजला होता. हिशेब सरळ होता: उतरलेला माणूस गावातच ब्रेड, मांस आणि पेट्रोल घेणार. पण फुकट म्हटल्यावर ज्यांना परत जायला घरच नव्हतं तेही येऊन राहिले. गावांनी मग शुल्क लावलं. शुल्क आल्यावर शेजारच्या खाजगी मालकांनी लाकडी खोल्या बांधून स्पर्धा सुरू केली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला आर्थर हाइनमन या वास्तुविशारदानं मोटेल हे नाव पहिल्यांदा पाटीवर लावलं. रात्रीचे सव्वा डॉलर, आणि गाडी खोलीच्या दाराशी.

राष्ट्रीय उद्यानांनी मोटारींना आधी हातभर लांबच ठेवलं होतं. यलोस्टोनची फाटकं त्यांच्यासाठी १९१५ मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली आणि गाड्यांचा लोंढा लागला. गाड्या हव्या तिथं चढायच्या, माती दाबली जायची, खाली मुळांना हवा-पाणी मिळायचं नाही आणि भलीथोरली झाडं उभ्या उभ्या मरायची. हे हेरलं एमिलियो माइनेकी या वनस्पती-रोगतज्ज्ञानं. त्यानं १९३०च्या दशकात कॅम्पग्राउंडचा आराखडा घालून दिला: गोल फिरून येणारा एकेरी रस्ता, त्यातून तिरकी निघणारी, एकाच गाडीची जागा, तिच्या टोकाला टेबल, चूल आणि तंबूची मोकळी जमीन. महामंदीत बेकार पोरांना काम देण्यासाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरनं असे तळ देशभर बांधले. आज यलोस्टोनला, योसेमिटीला किंवा स्मोकीजला साइट घेतली की त्याच आराखड्यात आपण गाडी मागे घेत लावतो. दगडी चूल, जड टेबल, अस्वलापासून अन्न वाचवायची लोखंडी पेटी, शेजारचं कुटुंब झाडांच्या आड. दर साधारण २० ते ३५ डॉलर, तेही अख्ख्या कुटुंबाला. एवढ्यात बाहेर दोघांचं जेवण होत नाही.

अडचण एकच, बुकिंग. बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि नावाजलेल्या ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत संपतं. तिथं हुकलं तर पश्चिमेकडे नॅशनल फॉरेस्ट आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याच्या जमिनी पसरल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवस, सहसा १४, फुकट तंबू ठोकता येतो. पाणी नाही, संडास नाही, फोनला रेंज नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी याच्या वाटेला जायला सांगणार नाही.

आता आवळा-कोहळ्याचा खरा नमुना. साउथ डकोटात वॉल नावाच्या चिमुकल्या गावात टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्यानं १९३१ मध्ये औषधाचं दुकान घेतलं. पाच वर्षं माश्या मारत बसले. समोरच्या रस्त्यानं माउंट रशमोर बघायला गाड्या जायच्या, थांबायचं कुणी नाही. १९३६च्या उन्हाळ्यात डोरोथीला सुचलं की या तापलेल्या माणसांना काय हवं असेल? बर्फाचं पाणी. रस्त्याच्या कडेला ‘फुकट’ अशा पाट्या लागल्या आणि टेड दुकानात परतेपर्यंत गिऱ्हाइकं दारात उभी होती. आज वॉल ड्रग हा अवाढव्य पसारा आहे, मैलोन् मैल आधीपासून त्याच्या पाट्या सुरू होतात. पाणी अजून फुकट, कॉफी अजून पाच सेंट. आत शिरलेला माणूस डोनट आणि टोपी घेतल्याशिवाय बाहेर पडला तर त्याच्या संयमाला दाद द्यावी.

तेल कंपन्यांचं तसंच. गल्फनं १९१३ मध्ये पिट्सबर्गला पंप उघडला आणि लवकरच नकाशे फुकट वाटायला लागली. माणूस जितका लांब जाईल तितकं तेल जास्त खपेल. १९७३च्या तेलसंकटात ती दानत संपली. राज्यांच्या हद्दीवरच्या वेलकम सेंटरमध्ये मात्र कागदी नकाशा पुष्कळ ठिकाणी अजूनही फुकट मिळतो. पहाडात फोन मुका झाला की त्याची किंमत कळते.

हा स्वस्तपणा सगळ्यांना नव्हता. काळ्या कुटुंबाला वाटेतलं मोटेल दार उघडेलच याची खात्री नव्हती, पंपावरचा संडास वापरू देतील याचीही नाही. डिक्कीत डबे आणि पेट्रोलचा कॅन घेऊन ते निघायचे, ते बजेटपायी नव्हे. न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमननं १९३६ पासून सुरक्षित मुक्कामांची ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका काढली आणि तिची गरज संपण्यासाठी १९६४चा नागरी हक्क कायदा यावा लागला.

बाकी कुटुंबांचं गणित केमन्स विल्सननं बदललं. मेम्फिसचा हा बिल्डर १९५१ मध्ये बायको आणि पाच पोरांना घेऊन वॉशिंग्टनला निघाला. मोटेलवाले खोलीभाड्यावर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा घ्यायचे. पाच पोरं म्हणजे दहा डॉलर, खोलीपेक्षा पोरं महाग! तो असा चिडला की पुढच्याच वर्षी स्वतःचं हॉटेल काढलं, हॉलिडे इन, आणि आईबापांच्या खोलीत झोपणारी मुलं फुकट. पुढे सगळ्यांनाच हा नियम घ्यावा लागला. आज दोन क्वीन बेडच्या एका खोलीत चौघं मावतात आणि भाडं एकाच खोलीचं लागतं, ते विल्सनच्या त्या रागामुळे.

१९५६ मध्ये आयझेनहॉवरनं इंटरस्टेटच्या, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांच्या, कायद्यावर सही केली. ४१,००० मैल रस्ते, ९० टक्के पैसा केंद्राचा. त्यानंतर गावं महत्त्वाची उरली नाहीत, एक्झिट, म्हणजे महामार्गावरून खाली उतरायची जागा, महत्त्वाची झाली. शिकागो ते सँटा मोनिका जाणारा रूट ६६ हळूहळू वाळत गेला आणि १९८५ मध्ये महामार्गांच्या अधिकृत यादीतून काढला गेला. एक्झिटवर साखळी मोटेलं उगवली. १९६२ मध्ये सँटा बार्बराला मोटेल ६ निघालं, नावातच भाडं, सहा डॉलर. टीव्ही हवा तर त्यात नाणं टाकायचं. त्याच वर्षी सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणाऱ्या गाड्या बघून मोंटानातल्या बिलिंग्जला डेव्ह ड्रमनं नदीकाठी गरम शॉवरवाला तळ टाकला, तीच पुढे केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी झाली.

यातून आखणीचं एक सूत्र निघतं. मुक्काम इंटरस्टेटच्या एखाद्या रटाळ एक्झिटवर करावा, उद्यानाच्या दाराशी नाही. झायनच्या तोंडाशी स्प्रिंगडेल, ग्रँड टीटनजवळ जॅक्सन, आर्चेससाठी मोआब. इथं जागा कमी, गर्दी फार, आणि भाव उन्हाळ्यात गगनाला भिडतात. तास-दीड तास मागं झोपावं आणि पहाटे निघावं. सातच्या आत फाटक ओलांडलं तर पार्किंगही मिळतं.

त्या एक्झिटवरच्या काउंटरमागे कोण उभं असतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गुजराती माणसं १९४०च्या दशकापासूनच कॅलिफोर्नियात छोटी हॉटेलं चालवत होती. तेलसंकटानंतर इंटरस्टेटनं बाजूला टाकलेली जुनी मोटेलं पडत्या भावात निघाली तेव्हा नात्यागोत्यातून पैसे उभे करून पटेल मंडळींनी ती घेतली. मागच्या खोलीत संसार, पुढे काउंटर. बायको चादरी बदलते, मुलगा शाळेतून आला की फोन घेतो, पगार कुणालाच नाही. तुमच्या स्वस्त खोलीतला एक मोठा हिस्सा हा होता. त्यावर आसपासचे काही मालक ‘अमेरिकन ओन्ड’ अशा पाट्या लावून गिऱ्हाईक ओढायचे. विमा आणि कर्ज मिळायची मारामार झाली तेव्हा १९८९ मध्ये या भारतीय मालकांनी आहोआ ही आपली संघटना उभारली. आज देशातली निम्म्याहून जास्त हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत. (‘केम छो’ म्हटल्यावर भाव उतरतो ही आपल्याकडची समजूत मात्र दर संगणकात भरले जायला लागले तेव्हापासून निकालात निघाली.)

१९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर मराठी शिकलेली मंडळी मोठ्या संख्येनं तिकडं गेली आणि त्यांनी या व्यवस्थेत आपली भर घातली. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या, लसणाची चटणी, मोटेलच्या खोलीत लावलेला राइस कुकर आणि त्याच्या वाफेनं अलार्म वाजेल या धास्तीनं उघडी ठेवलेली खिडकी. नायगारा करताना पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात, जे १९७६ पासून उभं आहे, दर्शनाइतकंच तिथल्या चिंचेच्या भातासाठी थांबायचं. दर दोन वर्षांनी होणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला जोडून आसपासचं एखादं राज्य पाहून घ्यायचं.

या सगळ्या स्वस्ताईत सर्वांत भरवशाचा होता तो उद्यानांचा वार्षिक पास. ८० डॉलर, गाडीतले सगळे त्यात. मोठ्या उद्यानात एका गाडीला ३५ डॉलर पडत असल्यानं तिसऱ्या फाटकाशी पैसे वसूल. २०२६ पासून मात्र ही किंमत फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. बाहेरून आलेल्यांना तोच पास २५० डॉलरला, आणि पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायनसह ११ उद्यानांत १६ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसामागे १०० डॉलर जादा. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर हा आकडा विमानाच्या तिकिटाबरोबरच वहीत मांडावा. किंवा आखणीच बदलावी: बॅडलँड्स, आर्चेस आणि ग्रेट स्मोकीज त्या ११ जणांत नाहीत, आणि स्मोकीजला तर प्रवेशशुल्कच नाही. तिथं फक्त पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो, दिवसाला ५ डॉलर.