बालकाचा जामीन आणि वयाचा पुरावा: बाल न्याय मंडळापुढे कोणती कागदपत्रे लागतात

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आल्यास त्याचे प्रकरण एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्या बाल न्याय मंडळापुढे जाते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 प्रमाणे पोलिसांनी प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला हजर करायचे असते, आणि त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मात्र हे सारे वयावर अवलंबून आहे, आणि बहुतेक पालक तिथेच अडतात.

वय धरायचे ते गुन्हा घडला त्या दिवशीचे, अटकेच्या दिवशीचे नव्हे. मुलाला आता एकोणिसावे लागले म्हणून हक्क गेला, असे समजून गप्प बसू नका. कलम 9 नुसार हा दावा कोणत्याही न्यायालयात, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो.

पुराव्याचा क्रम कलम 94 मध्ये ठरवून दिलेला आहे. आधी शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. पिशवीतून लॅमिनेट केलेले आधार कार्ड काढून पुढे करणारी आई नेहमी दिसते, पण आधार या यादीतच नाही, आणि ते जन्मतारखेचा पुरावा ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितले आहे. नुसता शाळा सोडल्याचा दाखलाही पुरेसा नाही, असे त्याच न्यायालयाने 2023 मधील एका निकालात म्हटले होते. म्हणून दहावी न झालेल्या मुलाच्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे जन्मतारखेच्या प्रमाणपत्रासाठी लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि जन्मदाखलाही सोबत काढून ठेवावा. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सरसकट 1 जून लिहिलेली कितीतरी मुले आहेत; सप्टेंबरात जन्मलेला मुलगा अशा नोंदीत तीन महिने मोठा ठरतो आणि तेवढ्याने अठरा ओलांडू शकतो. असा फरक असेल तर तो पहिल्याच तारखेला वकिलामार्फत मंडळाच्या नजरेस आणावा.

जामिनाचा नियम कलम 12 मध्ये आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडायचे असते. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका पोहोचेल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, एवढ्याच कारणांनी जामीन नाकारता येतो, आणि ती कारणे मंडळाने नोंदवावी लागतात. गुन्हा गंभीर आहे, हे कारण या यादीत नाही. आदेश होऊनही अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर अटी बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे हजर करावे लागते. हे पालकांना कोणी सांगत नाही, आणि जामीनदार शोधण्यात आठवडे जातात.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बालकासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेपा घालू नयेत. तेवढे दिवस मूल निरीक्षणगृहात असते.